खरवडीची बरणी

मी, शेवटी सही करणारा, वय अडुसष्ट, शर्यतीच्या गाड्यांचे टायर खरवडण्यात जन्म घालवलेला माणूस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बायकोने तो दोनदा वाचला आणि डॉक्टर बदलू या म्हणाली.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि एक गळका नळ, पत्नीला. नळ दुरुस्त करतो असे मी अकरा वर्षे म्हणत आलो. यापुढे तसे म्हणण्याचा हक्कही तिचाच.

२. लोखंडी उलथणे पत्नीला परत. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मी ते स्वयंपाकघरातून कामावर नेले. शर्यतीचा टायर गुळगुळीत असतो, त्यावर नक्षी नसते. तापला की तो चिकट होतो आणि रस्त्यावरचे सगळे अंगाला लावून घेतो: दुसऱ्यांच्या टायरचे रबर, खडी, एकदा तर कोणाचे तरी कानातले. गाडी आत आली की हीटगनने टायर वीत-वीत तापवायचा आणि मऊ आहे तोवर कचरा काढायचा. पाते आडवे धरायचे. उभे धरले की ओरखडा पडलाच. आमच्या शर्यतीच्या संघाने दिलेली खरवडायची पत्री उभीच चालायची, म्हणून उलथणे. निघालेल्या कचऱ्याला मी खरवड म्हणायचो, पातेल्याच्या बुडाशी असते तशी. पुढे इंजिनियरही खरवडच म्हणू लागले, पण शब्दाचे श्रेय मला कोणी दिले नाही. ते उलथणे आता तव्यावर चालणार नाही. तरी तिचे ते तिला.

३. हीटगन माझ्या जोडीच्या फिटरला द्यायची होती, तोच या कागदाचा पहिला साक्षीदार. पण वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुम्ही दिलंत तरी ते रद्द होतं."
फिटर म्हणाला, "मग मी येऊ कशाला?"
शेवटी चहावर तयार झाला. हीटगन भंगारवाल्याला.

४. कपाटावरची खरवडीची बरणी धाकट्या भावाला. तो आमच्या संघाचा ड्रायव्हर. सगळे त्याला हिरो म्हणायचे, त्यातले निम्मे मनापासून. त्याच्या शेवटच्या शर्यतीत एकच फेरी उरली होती आणि तो पहिला होता. पुढच्याच वळणावर गाडी घसरली आणि स्वारी सातवी आली. तोंडासमोर माइक येताच म्हणाला, "मी काय करणार? दादानं टायर नीट साफ केले नव्हते."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला टायरवरून काढले आणि हातात झाडू दिला, तात्पुरता म्हणून. सात वर्षे मी तात्पुरता झाडत होतो. लोक मला कचराशेठ म्हणायचे. (मॅनेजरसाहेबांना ती उभी पत्री, न वापरलेली, खोक्यासकट.)

शर्यतीच्या संध्याकाळी मात्र मी तो टायर खरवडला होता. खरवडीत गवत होते, लाल माती होती आणि कडेच्या पट्ट्याचा पांढरा रंग होता. रस्त्याच्या मधोमध गवत उगवत नाही. समोरच्या प्रेक्षकांच्या गॅलरीला हात करायला पठ्ठ्याने स्टिअरिंग सोडले, चाके कडेला उतरली आणि चिकट टायरने मिळेल ते उचलले. मी ते सगळे बरणीत भरून ठेवले. त्याने आजवर कबूल केलेले नाही. मला तेव्हा राग आला होता आणि तो अजून आहे.

५. मागची शेड. धाकट्याला ती ड्रायव्हिंग स्कूलसाठी हवी आहे. हल्ली हा हिरो लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवतो. शेड त्याला मिळेल. मात्र दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी आज दुपारी चारपर्यंत त्याच्यासाठी रिकामी ठेवली आहे. कलम चार खरे आहे असे लिहून त्याने तिथे सही केली, तर वकीलबाईंच्या त्याच कायद्याने शेड आणि बरणी दोन्ही त्याच्या हातून जातील आणि पत्नीला मिळतील. म्हणजे त्याला खरे बोलायचे तर फुकटात बोलावे लागेल. मसुदा त्याला आठवड्यापूर्वीच पोचला आहे. तो येणार नाही, त्याला मी ओळखतो. म्हणून शेजारच्या शिंप्याला साक्षीसाठी सव्वाचारला बोलावून ठेवले आहे.

६. शोकसभेत मला कोणी 'मूक सेवक' म्हणू नये. मी मूक नव्हतो. माझ्यासमोर माइक नव्हता.

याआधीची सगळी मृत्युपत्रे मी मनातल्या मनात केली आणि तिथेच फाडली. कागदावरचे हे एकच.

ठिकाण: मागची शेड
तारीख: नऊ मार्च, चारला दोन मिनिटे कमी

लिहून ठेवणार: (सही) टायरवाला

साक्षीदार पहिला: (सही) फिटर. चहा मिळाला.

वकीलबाईंची नोंद: सहीने काय जाईल ते दुसऱ्या साक्षीदारांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "ठाऊक आहे. पेन द्या." शिंप्याला येऊ नको म्हणून कळवले.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. कलम चार वाचले. खरे आहे. मी हात हलवत होतो. टायर स्वच्छ होते, दादा.