पाच वितींचा पट्टा

२३ नोव्हेंबर १९९८, सोमवार

आलं ते असं: पत्र एक. अक्रोड अंदाजे अर्धा किलो, त्यातले चार फुटके. कापडात गुंडाळलेले लोखंडी हुक दोन. पार्सलला तिकिटं कमी पडली म्हणून पोस्टमनने सहा रुपये घेतले. सहा रुपये! फुटके अक्रोड आईंना कुटून दिले. दात नाहीत, पण हट्ट दांडगा.

ह्यांचं पत्र तीनदा वाचलं. तब्येत ठीक. बर्फ सुरू झालाय. गाडीवरच ड्युटी. मग लिहितात, कार्बाइन बंदुकीचा पट्टा फार लोंबतो. गाडीतून उतरताना दाराच्या हँडलला अडकला आणि हे गुडघ्यांवर रस्त्यात पडले. पोरं हसली म्हणे. मला नाही हसू आलं. तिकडे रस्त्यात पडून राहायला वेळ असतो का कोणाला.

तर महाडात चांगला पट्टा शिवून घे. चामडं नको, ओलं झालं की थंडीत लाकडासारखं होतं. रंग मातकट किंवा हिरवा, साहेबांना विचारलंय. लांबी पाच वीत, मधे कमी-जास्त करायला बकल. हुक जुन्या पट्ट्याचेच लाव, तेच बंदुकीच्या कड्यांत बसतात.

मार्चअखेर फौजेतली सतरा वर्षं भरतात. मग घरी. पत्रात तेवढं लिहिलं नाही. लिहायचं राहिलं असेल.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

पाच वीत — पण कोणाची? माणूस बारा गावचं पाणी प्यायला, फुटपट्टी वापरायला शिकला नाही. माझ्या वितीने शिवला तर आखूडच होणार.

दुपारी देवांना फुलं वाहताना आठवलं. देवाची फळी ह्यांनीच बसवली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. सुताराला सांगत होते, "चार वीत काप, माझ्या चार." देव उतरवले, क्षमा मागितली, फळीला दोरा लावून चार घड्या घातल्या. ह्यांची वीत माझ्यापेक्षा दोन बोटं मोठी. दोऱ्याची एक घडी तळहातावर धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. पूनम शाळेतून आली नि म्हणाली, आई, देव खाली का ठेवलेत?

हुकांत जुन्या पट्ट्याचा तुकडा अडकलेला आहे. तेलाचा वास, आणि त्याखाली ह्यांच्या मानेचा. कापून काढायला हवा. उद्या काढीन.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. मागणं एकच. तुकडा अजून काढलेला नाही.

२८ नोव्हेंबर, शनिवार

महाडला गेले. एस.टी. येता-जाता, आणि पूनमच्या वह्या. बाजारात ताडपत्र्या आणि दप्तरं शिवणारा भिकू बसतो त्याच्याकडे गेले. हुक हातात घेऊन म्हणाला, "फौजेतलं काम. वैनी, भाऊंना सांगा, माझ्या पोरग्याला चिकटवा कुठंतरी."

त्याने दोन पट्टे पुढे टाकले. एक नवार, खाटेला विणतात तीच, मातकट रंगाची. स्वस्त, खांद्याला मऊ. दुसरा जाड कॅनव्हास, दुहेरी, कडेला शिवण. किंमत तिपटीला थोडी कमी.

"ह्या दोघांत फरक काय?"

"नवार पाच-सा महिन्यांत सुटंल. कॅनव्हास बंदूक मोडंल पण तुटायचा नाय. किती दिवस वापरायचाय?"

"चार महिने," मी म्हटलं.

"मग नवार घ्या की. चार महिन्यांसाठी कोण नवीन पट्टा करतो?"

तो सहज बोलला. मी मात्र तिथेच उभी राहिले. खरंच, कोण करतो?

दोन्ही आणले. एक परत करीन असं ठरवून.

२९ नोव्हेंबर, रविवार

हुक कसे लावायचे ते विचारायला खालच्या आळीत रामजी सुभेदारांकडे गेले. पेन्शनीत आहेत, वेळच वेळ. बंदुकीच्या ऐवजी मुसळ नेलं. त्यांच्या सुंदराबाई दारातच म्हणाल्या, "भात कांडायला आलीस की नवऱ्याला?"

सुभेदारांनी मुसळाला पुढे एक, मागे एक सुतळीची कडी बांधून दाखवली. मागचा हुक आधी अडकवायचा, पुढचा नंतर. टोक दुमडून हुकातून आत घ्यायचं आणि चौकोन शिवून मधे फुली मारायची, म्हणजे ताण एका टाक्यावर येत नाही. बकल छातीवर येऊ द्यायचं नाही, पाठीशी. पट्टा पिळला जाऊ नये, पिळला की हात घालता येत नाही. मी सगळं लिहून घेतलं.

मग म्हणाले, "पण येसाजी मार्चात सुटतोय ना? बंदूक जमा करायची, पट्टा जमा करायचा. आता नवा कशाला? दोन वर्षं वाढवून द्यायला लागलेत हल्ली, त्यातलं तर—" आणि एकदम कपातल्या चहाकडे बघायला लागले.

सुंदराबाईंनी विषय बदलला. जबलपूरला क्वार्टरात चार वर्षं राहिल्या ते सांगत बसल्या. नळाला चोवीस तास पाणी, शेजारीण पंजाबी. "तुला कुठं जमायचं? तुझी म्हस तुला सोडील?"

हसले. घरी येताना मुसळ फार जड लागलं.

१ डिसेंबर, मंगळवार

सोमजाईच्या देवळात कौल लावला. गुरव महादूला सांगितलं, दोन पट्ट्यांतला कुठला पाठवू ते देवीला विचारा. देवीच्या अंगाला चिकटवलेल्या कळ्यांतली उजवी पडली तर नवार, डावी पडली तर कॅनव्हास.

महादू कळ्या लावता लावता थांबला. "वयनी, पट्ट्यासाठी देवीला जागी करतेस? काय विचारायचंय तां विचार."

मी म्हटलं, पट्ट्याचंच.

देवीसमोर खोटं बोलले. कळी पडलीच नाही, ना उजवी ना डावी. महादू म्हणाला, देवी म्हणते तूच ठरव.

२ डिसेंबर, बुधवार

आज एक वाईट विचार आला, तो इथेच लिहिते. नवार पाठवावी. तुटेल. तुटली की ह्यांना कळेल, मी चार महिन्यांचाच हिशेब धरला होता. लाज वाटेल, परत येतील.

मग दाराचं हँडल आठवलं. गुडघे आठवले.

कॅनव्हास. नवार परत करायची नाही, आईंच्या खाटेला घालीन.

५ डिसेंबर, शनिवार

पट्टा झाला. हाताने शिवला, दाभणाने, मेण लावलेल्या दोऱ्याने. दोन्ही टोकांना चौकोन, मधे फुली. जुना तुकडा शेवटी कापून काढला. तो देवाच्या फळीखाली खोचला आहे. कापड पवित्र की अपवित्र, देव बघून घेतील.

लावून बघायला हवा म्हणून मुसळाला अडकवला, मागचा हुक आधी, आणि आरशासमोर खांद्याला लावला. मला लांब झाला. बरोबर आहे, ह्यांच्यासाठीच आहे. इथे ह्यांचा खांदा असेल, इथे पाठ. डोळे मिटून उभी होते तेवढ्यात आई ओटीवरून आत आल्या.

"मुसळ घेवन कुठं लढायला निघालीस गो?"

मी पट्टा उतरवला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खाली बसल्या.

"तुला कळलां वाटतं."

"काय कळलं?"

"त्यानं गणपतीतच सांगितलंन मला. सही केलीन म्हणून. दोन वर्सां. बोलला, हितं येवन कंपनीच्या गेटावर वाचमन होण्यापेक्षा तिथंच बरा. पोरीचं शिक्षण हाय. तुला सांगू नको बोलला, मी सांगतो बोलला."

"मग का नाही सांगितलं?"

"तू म्हशीचां नाव ठरवत होतीस ना तेवा. सारखी बोलत होतीस, मार्चात हे आले की अमुक, हे आले की तमुक. तोंडच उघडलां नसंल त्याचां."

म्हणजे गणपतीत सुट्टीवर आले त्या आठ दिवसांत ह्यांना ठाऊक होतं. आरतीच्या वेळी, नदीवर विसर्जनाला, मी पाठीला तेल लावत होते तेव्हाही.

६ डिसेंबर, रविवार

लिहिण्यासारखं काही नाही. भाजी खारट झाली.

७ डिसेंबर, सोमवार

रागावून बघितलं. राग टिकत नाही, हीच अडचण आहे. दळताना रागावते, दळण संपलं की वाटतं, तिकडे बर्फात आज जेवले असतील का. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि एकत्र राहिलो ते सगळे दिवस जोडले तर दोन वर्षंही भरत नाहीत. आणखी दोन वर्षं म्हणजे पूनम बारा-तेराची होणार. बाप म्हणजे तिला पार्सल आणि पत्र वाटतं. अक्रोड आवडले का विचारलं तर म्हणाली, बाबांचा आवाज कसा आहे ते मला नीट आठवत नाही.

संध्याकाळी आईंना विचारलं, "तुम्ही सांगितलं का त्यांना, सही कर म्हणून?"

"मी काय सांगतेय. मी बोलली, तिला विचार. तर बोलला, ती नाय बोलंल. मी बोलली, मग नाय तर नाय. तर बोलला, आये, ती नाय बोलली तर मला तिथं रवता येणार नाय."

नंतर बराच वेळ आम्ही दोघी वाल सोलत बसलो. मग त्याच म्हणाल्या, "मी सतरा वर्सां वाट बघितली त्याची. आता वाट बघून बघून कंटाळा आला बघ."

९ डिसेंबर, बुधवार

पार्सल पोलादपूरच्या पोस्टात देऊन आले. तिकिटं पुरती लावली. आत घातलेल्या चिठ्ठीची नक्कल:

पट्टा तुमच्या वितीने पाच वीत आहे. बकल पाठीशी ठेवा. मागचा हुक आधी. दोन वर्षं सहज जाईल असा घेतला आहे. मला कळलं आहे. म्हैस सुंदराबाई सांभाळतील, निम्मं दूध त्यांचं. उन्हाळ्यात तुमचं युनिट बर्फातून खाली उतरलं की कुटुंबाच्या क्वार्टरासाठी अर्ज करा. माणसं तीन — मी, पूनम आणि आई. आईंनी ट्रंक झाडून ठेवली आहे. उलट टपाली कळवा.