चौथी फळी

मेहरूण, जळगाव
रविवार, १२ मे १९९१

शाळेची जुनी बस घेतली तेव्हा ठरलं होतं, बाकं काढून चौघांना झोपायला फळ्या टाकायच्या आणि सुट्टीत मुलांना घेऊन फिरायचं. कल्पना सुमनचीच.

आज धुळ्याहून सुतार आला. तीन फळ्या कापून झाल्यावर विचारतो, "वहिनीनी उंची कितली शे, भाऊ?"

सुमन होळीला वारली, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. का नाही, कोण जाणे.

तिची उंची कधी मोजलीच नव्हती. मी कानाशी हात धरला, म्हटलं, "एवढी." त्याने जमिनीपासून कानापर्यंत टेप लावला.

धाकटी दारातून म्हणाली, "पप्पा, हात थोडा खाली. आई एवढी नव्हती."

मी हात खाली घेतला. त्याने फळी कापली.

दोनच महिने झालेत.