डावीकडे न वळणारी गाडी

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. तुमची पाठ आता कशी आहे? सासूबाईंची तब्येत त्यांच्या मते वाईट आणि डॉक्टरांच्या मते ठणठणीत आहे. मी दोघांनाही हो म्हणते. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे भांडायला माणूस निवडावा लागत नाही.

तर गाडीबद्दल. “तिथे ती चालवणार कोण, मी घेऊन जातो,” असं तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हा वाटलं, द्यायची तर धड करून द्यावी. तुमच्या दादांनी ती किती हौसेनं बिघडवली होती ते तुम्ही जाणताच. स्प्रिंगा कापून खाली बसवली, रुंद चाकं चढवली, आणि मग डावीकडे पूर्ण वळवली की टायर आतल्या दांड्याला घासायला लागला. यावर उपाय म्हणून ह्यांनी डावीकडे वळणंच सोडून दिलं. शेवटी शेवटी दवाखान्यातसुद्धा आम्ही सगळी उजवी वळणं घेत, भलामोठा वळसा घालून जायचो. (डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. ते आजाराबद्दल बोलत होते आणि मी त्यांना रस्ता समजावून सांगत बसले.)

मेकॅनिकनं चाक खोललं, आत बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, स्पेसर टाकू.” म्हणजे चाक आणि गाडी यांच्यामध्ये बसवायची धातूची चकती, तिच्या जाडीइतकं चाक बाहेर सरकतं. तो पातळ म्हणत होता. मी म्हटलं, टाकायचीच तर जाड टाका, पुन्हा पुन्हा कोण येणार! (हे अगदी ह्यांचं बोलणं, ते मला घरी आल्यावर कळलं.) चकतीमुळे जुने बोल्ट पुरेनात, म्हणून त्यानं लांब बोल्ट घातले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना मागे बसवून फेरी मारली. गाडी डावीकडे अशी अलगद वळली की मला रडूच फुटलं. पुढे गतिरोधक आला, गाडी दबली, आणि बाहेर आलेला टायर वरच्या पत्र्याला घासून असा किंचाळला की फुटपाथवरची माणसं थांबली. सासूबाई म्हणाल्या, “त्याला आवडलेलं नाही.” गाडी कडेला लावून आम्ही दोघी बराच वेळ बसून राहिलो. त्यांनी मागून माझा खांदा धरला होता. हे गेले त्या दिवशीही धरला नव्हता.

आता पातळ चकत्या घातल्या आहेत, नीट घट्ट बसणाऱ्या. गाडी थोडी फिरवून आणल्यावर बोल्टही पुन्हा आवळून घेतले. आत घासत नाही, बाहेर घासत नाही. इतकी गप्प झाली आहे की तिच्यात बसवत नाही.

मुलांना गोड पापा. पाठ शेकत जा.

तुमची,
वहिनी

ता. क. गाडी कोण चालवत होतं ते लिहायचं राहिलं. मीच. लायसन्स मिळालं.

आणखी एक. गाडी न्यायला येऊ नका. सासूबाई म्हणतात, नुसतेच या. आलात की मला तेवढी रिव्हर्स शिकवा. सध्या गाडी आत लावायला शेजारचे काका येतात, स्टिअरिंगवर डोकं टेकवून ह्यांच्या आठवणीनं रडतात, आणि मग त्यांची समजूत घालेपर्यंत गाडी अर्धी रस्त्यावरच राहते.