कडी मीच घातली

मासेरू
१४ जून

प्रिय मोलिसे,

तुला, भावजय मालिनेओला आणि डोंगरातल्या सगळ्यांना थोरल्याचे आशीर्वाद. इथे राजधानीत जूनची थंडी हाडांत शिरलीय. दोन घोंगडी पांघरून लिहितोय. मेंढ्या वरच्या कुरणातून खाली आणल्यास का?

सरकार पडून चार महिने झाले. मंत्रिपद गेलं तसा तू गावी गेलास. मालिनेओच्या हाती एक चिठ्ठी तेवढी आली : "दादा, तू मला पाहिलं होतंस का?" मी तीन पत्रं लिहिली. तिन्हींत मेंढ्यांचंच विचारलं.

संसदेच्या दारावर मला सव्वीस वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंतची, राज्य कसं चालतं ते दाराशी उभं राहूनच शिकलो. आपल्या तरुणपणी सरकार बदलायचं म्हणजे आधी रेडिओवर लष्करी बाजा, मग रस्त्यावर बंदुका. आई आपल्याला, एवढ्या थोराड पोरांना, पलंगाखाली लोटायची.

आणि या खेपेला? अविश्वासाचा ठराव एका मताने मंजूर. अध्यक्षांनी आकडा वाचला, कुणी खोकलंसुद्धा नाही. चार दिवसांनी राजवाड्यातून नव्या पंतप्रधानाची नेमणूक आली, ठरावात नाव होतं त्याचीच. ज्या राजापुढे आपण टोपी काढून उभे राहतो, त्याला स्वतःच्या मनातलं नाव लिहिता येत नाही! सभागृहाने सांगावं, त्याने सही करावी. बराकीतला एक शिपाई हलला नाही. माझ्या अंगावर काटा आला, बाबा. अजून येतो.

चहावाली मापासेका म्हणाली, "काका, सरकार पडलं आणि माझ्या चहावर साय धरली, झालं एवढंच!" मी हसलो. तर लगेच, "तुमच्या भावाचं मत असतं तर बरोबरी होऊन ठराव बारगळला असता ना? होता कुठे तो?"

"मला काय ठाऊक! मी आतल्या बाजूला होतो."

सगळ्यांना हेच सांगितलं.

सभासदांना मतदानाला बोलावणारी घंटा थांबली. अध्यक्ष म्हणाले, "दारं लावा." दार ओढताना फटीतून तू दिसलास. कोट उघडा, एक हात पुढे, दहा-बारा पावलांवर. "दादा, थांब! अरे, मी आहे!" मी ऐकलं, मोलिसे. कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. तुझी थाप माझ्या पाठीत बसली.

अख्ख्या राज्याचं वजन त्या घटकेला अंगठ्याएवढ्या कडीवर होतं, आणि ती माझ्या हातात. घंटेनंतर एका माणसाला आत घेतलं असतं, तर पुढच्या खेपेला लोकांनी आकड्यावर विश्वास का ठेवावा? मग पुन्हा बंदुकाच.

कडी घातल्याचा पस्तावा नाही. खोटं बोललो, त्याचा आहे. उद्या मापासेकालाही खरं सांगणार.

उत्तर लिहू नकोस. रागाने ये, पण ये. आई गेल्यापासून मला तोंडावर शिव्या देणारं माणूस तूच एक उरलायस.

त्या शिव्यांची वाट पाहणारा,
तुझा दादा
मोखेथी