हिवाळ्याच्या अंगातलं जॅकेट

नेपरव्हिल, एप्रिल, शनिवार संध्याकाळ

अभय खाली गॅरेजमध्ये आहे, तोवर लिहून टाकते.

ईराच्या फ्रेंच शाळेत आज वसंताचा मेळा होता. दरवर्षी तिथे हिवाळ्याचा पुतळा जाळतात. यंदा जाळायला परवानगी मिळाली नाही, म्हणून तो बडवायला मुलांच्या हातात काठ्या दिल्या. पुतळ्यासाठी पालकांकडून जुने कपडे मागवले होते. मी अभयचं निळं जॅकेट दिलं. जुनं कुठलं! गेल्या आठवड्यात त्याने मला भिंतीवर आपटलं, तेव्हा हेच त्याच्या अंगात होतं.

टीचरने पालकांनाही पुढे बोलावलं. मी एकच फटका मारणार होते, खरंच. मग थांबताच येईना. बाही फाटली, डोकं गवतात पडलं, तरी मी त्या निळ्या छातीवर मारतच होते. आणि होळीला मारतो तशी तोंडावर हात आपटत बोंब मारली. इथे, सगळ्यांसमोर! मुलांना वाटलं, हाही कार्यक्रमच. सगळी पोरं बोंबलायला लागली. ईरा सोडून. ती नुसती जॅकेटकडे बघत होती.

दुसरीतल्या पोरीला काय कळतंय, असं मला आजवर वाटायचं.

घरी आल्या आल्या अभयने विचारलं, "माझं निळं जॅकेट कुठंय?" मी बूट काढायला खाली वाकले. ईरा म्हणाली, "आय डोन्ट नो, बाबा."

आत्ता बेडरूममध्ये आले, तर माझ्या उशीखाली शाळेतली काठी. ईराला हाक मारून विचारलं, ही इथे कशाला?

"इट्स फॉर यू, आई."