चाळीस दारांचा पोपटी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला दीड महिना उशीर झाला, म्हणून आधीच कान पकडतो. म्हणजे तुझ्या उत्तरातल्या पहिल्या दहा ओळी मला झापण्यात जायच्या नाहीत आणि मला थोडी कामाची माहिती मिळेल.

रंगाचं मोठं काम हाती आलंय. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर वृद्धांसाठी निवास बांधलाय. तीन मजले, चाळीस खोल्या. व्यवस्थापिकाबाई सांगत होत्या की त्यांच्या जुन्या इमारतीत भिंतीही क्रीम आणि दारंही क्रीम. म्हातारी माणसं स्वतःच्या खोलीवरून पुढे निघून जायची, नाहीतर चादरींच्या कोठीचं दार उघडून उभी राहायची. मग इतकी ओशाळायची की दोन-दोन दिवस खोलीबाहेर पाऊल टाकायची नाहीत. एक आजोबा तर जेवायलाच खाली येईनात. त्यामुळे मी ठरवलंय की भिंती फिकट करड्या, कोठ्यांची दारं भिंतीच्याच रंगाची, म्हणजे ती कुणाला दिसूच नयेत, आणि माणसांच्या खोल्यांची चाळीस दारं झणझणीत पोपटी. त्यावर वीतभर उंचीचे काळे आकडे.

कमिटीवाल्यांना क्रीमच हवा आहे. कमिटीवाल्यांना जन्मल्यापासून क्रीमच हवा असतो. मी त्यांना सांगितलं की भर उजेडात माणसाच्या डोळ्याला सगळ्यांत सहज दिसतो तो हा पिवळट हिरवाच, म्हणून तर काही शहरांनी आगीचे बंबसुद्धा या रंगात रंगवून पाहिले. त्यावर एक सभासद म्हणाले की मग लोकांनी त्यांना बंब म्हणून ओळखलं का. पंचाईत अशी की काही ठिकाणी खरंच ओळखलं नाही, आणि ते परत लाल करावे लागले. मी खोकल्यासारखं केलं आणि विषय बदलला.

सोबत रंगाच्या तीन नमुना-पट्ट्या पाठवतोय, पाठीमागे एक, दोन, तीन आकडे आहेत. नेहमीप्रमाणे खिडकीच्या कट्ट्यावर तीन दिवस ठेव. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला बघ, आणि एक निवडून काय कमी-जास्त करायचं ते लिही. तीस वर्षांत तुझ्या होकाराशिवाय मी एक बादली कालवलेली नाही. आता या वयात कशाला नवा पायंडा पाडू?

माझं बरं आहे. दुसऱ्या खोलीत डबेच डबे झालेत, आत जायचं तर अंग तिरकं करून जावं लागतं. घरात बोलायला कुणी नसल्यामुळे मी रेडिओशी वाद घालतो, आणि हरतो.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
बारक्या


१५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

झापायच्या दहा ओळी तू मागितल्या नसल्या तरी उधार ठेवते. पत्र पोचलं. पट्ट्या पोचल्या.

पोपटी निवडलास याचं नवल नाही वाटलं. तू लहानपणापासून अवघड पोरांशीच दोस्ती करायचास. हा रंग सरळ वागत नाही. गिरणीत आमचे जुने रंगमास्तर सांगायचे, की पूर्वी सुंदर हिरवा देईल असा एकच टिकाऊ रंग मिळणं मुश्कील. कापड आधी पिवळ्यात बुडवायचं, मग निळीत. पण पिवळा मुळातच कच्च्या दमाचा. वर्षानुवर्षं उजेड खाल्ला की तो निघून जायचा आणि निळा तेवढा मागे राहायचा. जुन्या विणीच्या पडद्यांवरची झाडं म्हणून निळी दिसतात. विणणाऱ्याने निळी झाडं विणली नव्हती, त्याचा सोबती पळाला एवढंच. पुढे कुणी सोमलाचं विष घालून भडक हिरवा बनवला आणि लोकांनी तो हौसेने भिंतींवर चढवला. ओल धरलेल्या खोल्यांत माणसं आजारी पडली. तुझ्या त्या सभासदाला हा आजाराचा रंग वाटत असेल, तर त्याला अगदीच मूर्खात काढू नकोस. पित्त याच रंगाचं असतं, आणि कोवळं पानही. शेजारी काय ठेवतोस त्यावर सगळं आहे. करड्याशेजारी तो पान होईल. क्रीमशेजारी पित्त होईल. हे कमिटीला सांग, हवं तर माझ्या नावावर.

पट्ट्या तीन दिवस ठेवल्या. दोन नंबरची घे. पण पिवळा फार अंगावर येतोय. निळ्याचा हात दे. बादलीमागे दोन चमचे नाही, चार. भीड धरू नकोस.

आता मला नीट सांग. जेवणघर तळमजल्यावर आहे की वर? तळमजल्यावर खोल्या आहेत का, आणि त्यांच्या खिडक्या कुठल्या बाजूला? माणसांना स्वतःची खुर्ची आणू देतात का? रंगाचा विचार करायचा तर हे कळायला हवं.

इकडे खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई मुलीकडे कायमची राहायला गेली. तिच्या मशीनचा आवाज गेल्यापासून दुपार फार लांब झाली आहे. ओळी तिरप्या गेल्या असतील तर पेनाला दोष दे.

वेळेवर जेव. आठवण ठेवतोस तेवढी तब्येतही ठेव.
तुझी,
ताई


६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दारं झाली. तू सांगितलंस तस्सं केलं, आणि काय सांगू, कमिटीने तोंडभरून कौतुक केलं. मी म्हटलं, हा डोळा माझा नाही, माझ्या ताईचा आहे. तुझं पान आणि पित्ताचं वाक्य मी त्यांना ऐकवलं होतं, ते क्रीमवाल्या सभासदांनीही वहीत लिहून घेतलं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. जेवणघर तळमजल्यावर. तळमजल्यावर बारा खोल्या, सहा पूर्वेला, सहा बागेकडे. खुर्ची आणू देतात, पलंग नाही. आता यावरून तू माझे आणखी दोष काढणार असशील तर काढ, पण दारं वाळली आहेत.

एक टेबलावरचा दिवा पाठवतोय. पुष्कळ उजेडाचा आहे. असाच पाठवतोय, दुकानदार ओळखीचा आहे, त्याने गळ्यात मारला. वाचताना लावत जा. आणि जिन्यावरचा दिवा गेला असेल तर मालकाला सांग, तू सांगत नाहीस.

फार लिहीत नाही. कामाची घाई आहे.

तुझा लोभ हीच माझी शिल्लक.
बारक्या


२२ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

दिवा पोचला. चांगला आहे. त्याचा मला उपयोग नाही.

आता मी लिहिते ते शांतपणे वाच. नोव्हेंबरात डॉक्टरांना डोळे दाखवले. दोन्ही डोळ्यांचा मागचा पडदा झिजला आहे. ऑपरेशनने सुधारणारं हे नाही, आणि हळूहळू वाढेल असं ते म्हणाले. मी तुला कळवलं नाही. तू दीड महिन्याने एक पत्र लिहितोस, त्यात हे कुठे घालू असं वाटलं. हे पत्र मी पुठ्ठ्यात खाचा पाडून, त्यावर बोट धरून लिहिते आहे.

तू त्या निवासाबद्दल लिहिलंस, तेव्हा मी व्यवस्थापिकाबाईंना खोलीसाठी पत्र टाकलं. मी तुझी कोण ते कळवलं नाही. पट्ट्या बघताना माझ्या मनात होतं की निदान माझं दार तरी माझ्याच पसंतीच्या रंगाचं असेल. मागच्या आठवड्यात त्यांचं उत्तर आलं. माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाईंनी वाचून दाखवलं. दारांचं भारी कौतुक केलंय. लख्ख पोपटी आहेत, लांबूनही दिसतात, आणि आमचे रंगवाले फार काळजीने काम करतात, म्हणे. सुरुवातीला दोन दारं चुकून गर्द हिरवी झाली होती, कुणाच्या नजरेत भरेनात, तर त्यांनी स्वतः बसून ती खरवडली आणि पुन्हा रंगवली.

बादलीमागे चार चमचे निळा घातल्यावर लख्ख पोपटी होत नाही, एवढं मला अजून कळतं. म्हणजे तू माझं ऐकून दोन दारं रंगवलीस, माझी चूक पाहिलीस, खरवडलीस, आणि मला लिहिलंस की तू सांगितलंस तस्सं केलं.

चुकलेल्या रंगाचं मला काही नाही. तीस वर्षांत एक चुकला, चुकू दे. पण गिरणीत सात हजार छटा जिने नजरेने वेगळ्या केल्या ती पिवळ्याला फार म्हणते, याचा अर्थ तुझ्याइतका लवकर दुसऱ्या कुणाला कळला नसता. तुला कळला. तू दिवा पाठवलास. जिन्याची चौकशी केलीस. ताई, तुझ्या डोळ्यांना काय झालंय, एवढे शब्द तुला लिहिता आले नाहीत.

मला याचं वाईट वाटलं. फार वाटलं. लपवून काय करू?

सुखी राहा.
ताई


२८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकही ओळ खोटी नाही.

पहिलं दार रंगवून झालं तेव्हा रंगारी म्हणाला की साहेब, हा पोपटी राहिला नाही. मी त्याच्यावरच ओरडलो. ताईने सांगितलंय म्हटलं, दुसरं रंगव. दुसरंही तसंच झालं. मग त्याला चहाला पाठवलं आणि तिथेच उलट्या डब्यावर बसलो. माझ्याकडची दोन नंबरची पट्टी दाराला लावून पाहिली. मला त्याच क्षणी समजलं. पळवाट नाही.

विचारलं का नाही, ते खरं सांगतो. विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस, आणि उत्तर आल्यावर मला काहीतरी करावं लागलं असतं. मी भ्यालो. दार खरवडणं मला जमतं, ते केलं. तुझी चूक झाकतोय अशी मी माझी समजूत घातली. झाकत होतो मी स्वतःला.

आणखी एक आहे, आणि अकरा वर्षं घशात अडकलंय. तुझी भावजय गेली तेव्हा तू येऊन राहिली होतीस. दीड महिना तू या घरात चूल पेटती ठेवलीस, आणि मी तुला म्हणालो की मला एकटं राहू दे. तू दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीस. मी थांबवलं नाही. तेव्हापासून रोज या घरात येताना वाटतं की तुला बोलवावं, आणि रोज वाटतं की कोणत्या तोंडाने.

आता बोलावतो आहे. दुसरी खोली रिकामी केली. सगळे डबे काढले, जमीन घासली, खिडकी उघडी ठेवलीय म्हणजे वास जाईल. त्या निवासाला नकार कळव. तिथे चाळीस दारं आहेत, इथे तुझं एकच, ते चुकणार नाही. मी येऊन तुला घेऊन जातो. फक्त तारीख कळव.

ताई, ये.
तुझाच,
बारक्या


९ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नर्सबाईंकडून नाही वाचून घेतलं. भिंग लावून स्वतः वाचलं. दोन दिवस लागले.

त्या 'एकटं राहू दे'चा राग मी केव्हाच सोडला. दुःखात माणूस काहीही बोलतो. पण मी तो शब्द तुझा शब्द म्हणून पाळला, आणि तू बोलावशील म्हणून वाट पाहिली. पहिली चार वर्षं तर पिशवी वरच्या फळीवर नाही, खाली ठेवायचे. त्या अकरा वर्षांत एका ओळीने बोलावलं असतंस तर आले असते. भांडायला सोबत म्हणून आले असते.

आता तू बोलावलंस ते माझे डोळे गेले म्हणून. तुझ्या घरी मी आता सोबत म्हणून येणार नाही, जबाबदारी म्हणून येईन. तू प्रेमानेच करशील सगळं, मला शंका नाही. पण मी पाणी प्यायला उठले की तू दचकून उठशील, आणि सहा महिन्यांनी आपण दोघंही हळू आवाजात बोलू लागू. तसं मला नको. मी निवासाला होकार कळवलाय. एक मेपासून तळमजल्यावर, बागेच्या बाजूची खोली. खुर्ची सोबत आणते आहे. सामान उचलायला तू ये, तेवढं तुझ्याकडून घेईन.

खोली रिकामी केलीस ते चांगलं केलंस. आता तिच्यात पुन्हा डबे भरू नकोस. झोपायला जागा मोठी लागते माणसाला, एकटा असला तरी.

मग दर रविवारी येत जा. दहाच मिनिटं आहेत, आता दीड महिन्याची सबब चालायची नाही. रंगाचं विचारायला येऊ नकोस, मला आता कळत नाही. नुसता ये. आणि एक सांगून ठेवते, म्हणजे पहिल्या दिवशी तुला लागणार नाही. माझं असं झालंय की मी ज्याच्याकडे थेट बघते तेच नेमकं पुसलं जातं, कडेचं मात्र राहतं. तेव्हा आलास की माझ्या समोर बसू नकोस. जरा बाजूला बस, आणि मी दुसरीकडेच बघतेय असं वाटलं तरी उठून जाऊ नकोस. मी तुलाच बघत असेन.

तुझी,
ताई