नव्या पेटीतली राणी

सोमवार, ता. ४
लागले बाई एकदाची कामाला! खोली उजेडाची, खिडकीत कुंड्या, चहा हवा तेव्हा. काम एकच, अण्णांना सांभाळायचं. पक्षाघाताने मानेखालचं अंग गेलंय, वाचाही गेली. फक्त डोळे चालतात. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही.

दुसरा जीव म्हणजे अण्णांची लाडकी राणी. तळहाताएवढा केसाळ कोळी, टॅरँटुला म्हणतात म्हणे, काचेच्या पेटीत मातीत बीळ करून बसलेला. शी! हौसेला मोल नसतं, पण काही ताळतंत्र? अण्णांच्या लेकीने, म्हणजे ताईंनी विचारलं, मधमाशी चावून तुला कधी त्रास झालाय का. झाला असेल तर राणीजवळ जायचं नाही. मी ठणकावून नाही म्हटलं. लहानपणी एकाच माशीने घसा सुजून मरता मरता वाचले होते, पण ते सांगून हातातली नोकरी घालवू?

बुधवार, ता. ६
ताई आठवडाभर परगावी. जाताना फर्मान सोडलं, राणीला नव्या मोठ्या पेटीत हलव. पेला अलगद पालथा घालायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा, फुंकर नाही, घाई नाही. बिळाच्या तोंडाशीच बसली होती. जीव मुठीत धरून केलं. हललीसुद्धा नाही, आणि वजन कापसाएवढं. नवी पेटी कपाटावर ठेवली. जुनी अण्णांच्या पलंगाखाली, माती वाळावी म्हणून झाकण काढून.

अण्णांना विचारलं, झालं ना नीट? दोनदा डोळे मिटले. पुन्हा विचारलं, पुन्हा दोनदा. म्हातारा कधी चांगलं म्हणेल तर शपथ!

शनिवार, ता. ९
राणी खायला सोडलेल्या रातकिड्यांना शिवत नाही. मेले तिच्या पाठीवर नाचताहेत, तरी ढिम्म. अण्णांच्या मानेवर पुरळ उठलंय, खोकलाही. पावडर लावली. त्यांचे डोळे दिवसभर माझ्याकडे, मग छताकडे, पुन्हा माझ्याकडे. वीट आला. पलंगच भिंतीकडे फिरवला. बसा म्हटलं आता भिंत बघत. रडले ते. रडू देत.

सोमवार, ता. ११
पुरळात बारीक केस रुतलेत. माणसाचे नाहीत. माझ्याही हाताला खाज सुटलीय.

मंगळवार, ता. १२, दुपार
नवी पेटी उघडली. राणीला काडीने टोचलं. फाटली. आत काहीच नाही —
कात होती ती. मी कात उचलून ठेवली. राणी बिळातच होती. आणि बीळ पलंगाखाली, झाकण उघडं — सहा दिवस. कात टाकली की आणखी मोठी होते, ताई म्हणाल्या होत्या.
अण्णा सांगत होते. पहिल्या दिवसापासून सांगत होते.

नंतर
पलंग वळवला. पाया पडले त्यांच्या. भिंतीवर आहे? दोनदा. छतावर? दोनदा. तुमच्या अंथरुणात? दोनदा. बघत होते माझ्या डोक्याकडे.
माझ्या अंबाड्यावर?
एकदा.

खुर्चीत बसलेय. मान हलवत नाही. वही मांडीवर, फक्त बोटं हलताहेत. मला तिथलं दिसत नाही — त्यांनाच दिसतं. चुकले मी, अण्णा. भिंतीकडे फिरवलं, चुकले. एवढंच सांगा, मानेवर उतरतेय का? उतरत नसेल तर पळते —

डोळे मिटले. एकदा. दुसऱ्यांदा मिटायला आधी उघडायला हवेत ना —
उघडत नाहीत.
अण्णा. उघडा हो. घट्ट मिटून घेतलेत, मुद्दाम —
काहीतरी गार, कानामागे, हळू —